देविकाची बेडकं

लखनऊला निशातगंजच्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच. एक आमचं सभ्य, दुसरं वरच्या मजल्यावर देविकाचं. सुनांनी गच्चीवर पापड वाळत घालावेत. या बाईंनी चिनहटच्या तळ्यातून बेडकांची अंडी आणून टबांत वाढवली. पीएच.डी.साठी!

एकदा मी विचारलंच, "काय बघतेस गं त्यांच्यात?"

"काकू, पाणी आटायला लागलं की पिल्लं घाई करतात. लहान असतानाच पाय फुटून बाहेर पडतात. पण एका आईची घाई करतात, दुसरीची बसून राहतात. हा फरक पिढ्यान् पिढ्या कसा टिकला, ते शोधतेय."

माझा मुलगा बी.कॉम.ला वर्षानुवर्षं बसून राहिला, त्याच्यावर कुणी संशोधन केलं नाही.

अर्ध्या टबांतलं पाणी ती रोज थोडं काढायची, बाकीचे भरलेले ठेवायची. तिच्या प्रयोगाचा हा शेवटचा हंगाम होता. त्यातच १९९४च्या ऑगस्टमध्ये तिच्या नवऱ्याची, नंदकुमारची, बँकेतून पुण्याला बदली झाली. लखनऊतल्या मराठी माणसाला याहून मोठं वरदान नाही. पेढे वाटले गेले. देविका म्हणाली, "एवढी पिल्लं बाहेर पडली की निघू."

मग ती दोन दिवस कामासाठी कानपूरला गेली. आमच्याकडे नळाला पाणी सकाळी तासभर. तेवढ्यात घरातलं रिकामं भांडं भरलं नाही, तर ती गृहिणी कसली? तिच्या सासूबाई, सरलाताई, अट्टल गृहिणी. त्यांनी गच्चीवर पाइप ओढला आणि सगळे टब काठोकाठ भरले.

देविका परतली, टबांकडे बघत उभी राहिली. "सगळे भरले, आई?"

"सगळे! केवढी तडफडत होती बिचारी."

आटतं पाणी उरलंच नाही, हंगाम गेला. नंदकुमारला मात्र हायसं वाटलं. "अच्छा, मग आता इथं राहिलंच काय? चल ना यार, पुण्याला."

"तुम्ही व्हा पुढे. मी पुढचा पावसाळा करून येते."

वर्षभर नवऱ्यापासून लांब, बेडकांसाठी! निशातगंजपासून आलमबागपर्यंतच्या मराठी मंडळींना महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला. मीही यथाशक्ती हातभार लावला.

सामानाचा ट्रक भरला तेव्हा सरलाताईंचा चेहरा उतरला होता. दारात त्यांनी सुनेचा हात धरला. "मी पाणी भरलं म्हणून राहतेस का गं?"

देविका वाकून पाया पडली. "नाही हो आई. यंदा अंडीच खराब निघाली."

पोरीचा मला इतका अभिमान वाटला, की मला रडू आवरेना. सरलाताईंना ते लगेच पटलं. जाता जाता त्यांनी बजावलं, "पुढच्या वेळी चांगली बघून आण."