बायनाबाईचा माळ आणि सरपंचांचा उजवा पाय

चौसाळ्याच्या अलीकडं आमचं गाव. गावात कुणाची सोयरीक कुठं मोडली, कोण कुणाशी बोलत नाही, हे माझ्याआधी एकाच माणसाला कळायचं, ते म्हणजे बायनाबाईला. अकरा शेळ्या घेऊन रोज गायरानाच्या माळावर जाणारी ही बाई जाता-येता साऱ्या आळीच्या खबरा गोळा करायची. नवरा जाऊन वीस वर्षं झाली. त्या शेळ्यांच्या जिवावर तिनं लेक शिकवला, सून आणली. पण दोन वर्षांमागं टीव्हीवर जगातल्या रानावनांची ती मालिका लागली आणि बाई आमच्या हातची गेली.

दुपारी शेळ्या सावलीला बांधायच्या आणि टीव्हीपुढं मांडी घालून बसायचं. बर्फाचा मुलूख, वाळूचा मुलूख, दर्याच्या तळाची जनावरं. हिंदी तिला निम्मी कळते, उरलेली निम्मी ती स्वतःच्या अकलेनं भरते. सून तेजश्री कुरकुरायची, "आत्या, माझी सिरियल गेली की!"

"तुज्या सिरियलीत सासू सुनंला खाती. हितं वाघ हरणाला खातो. सारखंच हाय."

मी एकदा हळूच विचारलं, "बायनाबाई, चतुराबाईच्या जावयाचं काय झालं हो?"

"मला नका विचारू, भाऊजी. कोळ्याची मादी नवऱ्याला खाऊन टाकती, म्हायती हाय का तुमाला?"

जावयाचं काय झालं ते मला तेवढ्यावरून समजलं.

मग तिनं गावाला नवी नावं ठेवायला घेतली. मला म्हणते तरस, कारण मी हसतो फार. सरपंच विजयसिंह पांढऱ्या सदऱ्यावर काळं जाकीट घालतात, पोट पुढं काढून डुलत डुलत चालतात. त्यांना म्हणाली पेंग्विन. आठ दिवसांत सारा गाव म्हणायला लागला. गावभर केलं कुणी, ते विचारू नका.

तर या पेंग्विननं, चुकलो, सरपंचांनी मे महिन्यात ग्रामसभेत विषय काढला. "गायरान नुसतं पडीक हाय. मशीन लावून दोन हजार खड्डे घेऊ, तारेचं कुंपण मारू, झाडं लावू. आपल्या गावाला जंगल!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू.

बायनाबाई उठली. कुंपण पडलं की तिच्या शेळ्या उपाशी, हे साऱ्यांना दिसत होतं. ती शेळ्यांचं बोललीच नाही.

"पडीक कावून म्हणता? तिथं वस्ती हाय."

"कुणाची?"

"पळपुटीची."

सभा फुटली हसून. पळपुटी म्हणजे माळावरचं एक मातकट पाखरू, टिटवीहून लहान, डोळ्यावर पांढरी पट्टी. चार पावलं तुरुतुरु पळतं, थांबतं, परत पळतं. पुस्तकातलं नाव धाविक, पळपुटी हे बायनाबाईचं. आता विजयसिंहांनी तीन निवडणुकांत तीन पक्ष केलेले. त्यांना वाटलं, टोमणा आपल्यालाच. कानापर्यंत लाल झाले.

"काकू, त्या माळावर एक जरी घर दाखवलं तर मशीन माघारी पाठवीन. न्हाई दाखवलं, तर टीव्हीतलं काही परत सभेत बोलायचं न्हाई."

"कबूल. पण डोळे उघडे ठेवून या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊलाच ऊन पोळत होतं. सारा गाव माळावर. मागं बंकट ड्रायव्हर मशीन घेऊन. पुढं नारळ धरून सरपंच.

"कुठाय घर? मला तर भिंत बी दिसंना आन् दार बी," म्हणत त्यांनी पाऊल उचललं.

"थांबा! उजवा पाय खाली टेकू नका!"

सरपंच एका पायावर. नारळ छातीशी. "सा... साप हाय का?"

"न्हाई. घर हाय."

आम्ही वाकलो. खडेच खडे. बाईनं काठीचं टोक नेलं तेव्हा त्यांतले दोन खडे अंडी झाले. ना काडी, ना कापूस. उघड्या भुईवर, सरपंचांच्या चपलेखाली वीतभर अंतरावर.

"काकू, पाय भरून आला. कुठंतरी टेकू द्या की!"

"मागं टेका. आन् समद्यांनी मागं व्हा. ह्या उन्हात पळपुटी आली न्हाई तर अंडी उकडून जात्याल."

शंभर पावलं मागं तिनं अख्खं गाव बसवलं आणि गप्प केलं. बंकटनं मशीन बंद केलं. मयतीलासुद्धा आमचं गाव इतकं गप्प बसलेलं मी पाहिलेलं नाही. बाईची नजर मात्र त्या जागेवरून हलत नव्हती. पाखरू आलंच नाही, तर अंडी टाकून दिलेली म्हणायला सरपंच मोकळे.

पाच मिनिटं गेली. दहा गेली.

मग खड्यांतूनच एक खडा पळाला. तुरुतुरु. थांबला. परत तुरुतुरु. अंड्यांपाशी आला, पंख सैल केले आणि त्यांच्यावर सावली धरून उभा राहिला. माझ्या शेजारी बसलेल्या दगडाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला, देवळात ओढतात तसा.

"दुसरं घर त्या बाभळीकडं," बायनाबाई हळू आवाजात म्हणाली. "तिसरं मशीनच्या वाटंवर. बंकट, चाकाखाली बघून ने रे बाबा."

"चालत चालत बघून येतो आधी, आत्या," बंकट म्हणाला. सरपंचांना त्यानं विचारलंही नाही.

आता सगळ्यांचे डोळे सरपंचांवर. ते नारळाकडं बघत होते. "दिला शब्द मी पाळतो," ते म्हणाले, "पण एक सांगा काकू. मला पेंग्विन कावून म्हणता?"

मी हळूच मागं सरकलो.

"सरपंच, पेंग्विनचा नर पायांवर अंडं घेऊन दोन-दोन महिने बर्फात उभा राहतो. उपाशी. अंडं खाली पडू देत न्हाई. तुमी आज दोन मिनिटं राहिले. सुरुवात चांगली हाय."

पहिले हसले ते सरपंचच.

"हळू हसा!" बायनाबाई डाफरली. अख्खं गाव तोंडात पदर आणि उपरणी कोंबून हसलं. पळपुटी जागची हलली नाही.

पुढच्या सभेत वहीतला 'पडीक' खोडून वर 'वस्ती आहे' असं लिहिलं. झाडं ओढ्याच्या काठानं आणि शाळेभोवती लागली. माळावर शेळ्या आहेत, पाखरं आहेत आणि दुपारी बायनाबाईचा टीव्ही आहे. आता गावात कुणी पुढारी आला की विजयसिंह त्याला आधी माळावर नेतात, एका पायावर उभं राहून दाखवतात आणि छाती काढून सांगतात, "मला गावात पेंग्विन म्हणतात!"