चक्कीपर्यंत पायी

घाबरलेल्या माणसाला "घाबरू नका" असं चाचा कधीच म्हणत नसत. आधी त्याच्या तोंडाकडे नीट बघायचे, डोक्यावरची गोल टोपी जरा मागे सरकवायचे आणि मोठ्या समाधानाने म्हणायचे, "भेव लागून राह्यलं? मंग बरं हाय. हिलेबी लागते."

'ही' म्हणजे त्यांची घोडी. पांढरी, पोटाखाली थोडी पिवळट, आणि नाव बिजली. आता नाव बिजली, पण चाल अशी की बैलगाडीने पुढे जाऊन चहा घ्यावा आणि परत येऊन बघावं, तर ही अजून तिथेच.

आमच्या चिखलीत लग्नाला घोडी देणारे म्हणून सगळे त्यांना ओळखत. लहानथोर सगळे चाचा म्हणत. माझे सासरेसुद्धा, जे त्यांच्याहून चांगले वीस वर्षांनी मोठे होते. माझं हारांचं दुकान बरोबर त्यांच्या फाटकासमोर, मध्ये फक्त रस्ता. लग्न असलं की सकाळी फुलं सोडवायच्या आधी ते दारात उभे.

"भाभी, दोन हार. एक नवरदेवाचा, एक बिजलीचा. बिजलीच्यात शेवंती नोको घालू, खाते ते."

मी झेंडू घालायची. झेंडूही खायची ती. स्वतःचा संपला की मान वळवून नवरदेवाचा. आमच्या गल्लीत दोन-तीन घरी तरी लग्नाच्या अल्बममध्ये नवरदेवाच्या गळ्यात अर्धाच हार आहे. विश्वास बसत नसेल तर या, दाखवते.

आमच्याकडे लग्नाआधी नवरदेव घोडीवर बसून मारुतीच्या दर्शनाला निघतो. त्याला परण्या म्हणतात. वाजंत्री, नाचणारे, सगळं आलं. एकदा नवरदेव होते एक शाळामास्तर. लहानपणी जत्रेतल्या तट्टाने त्यांना पाडलेलं, ती धास्ती तिशीपर्यंत गेलेली नव्हती. बाशिंग बांधलेले मास्तर मांडवाचा खांब धरून उभे, सोडायला तयार नाहीत.

"अबे बस ना बे सर! नवरीच्या बापाले काय सांगू, पैदल आनला म्हनून?" मित्र ओरडत होते.

"इज्जत घालवतो काय बे सगळ्याइची?" मास्तरांचे वडील.

चाचांनी बँडवाल्यांना हात केला, बाजा बंद. सगळ्यांना वीस पावलं मागे सारलं. खिशातून भिजवलेले हरभरे काढून मास्तरांच्या हातावर ठेवले.

"हात सपाट ठिवा गुरुजी. बोटं मुडपू नोका. हां."

घोडीने ओठांनी हरभरे उचलले. मास्तरांनी हात झटकला आणि हसले.

"गुदगुल्या झाल्या ना? आता हिच्या मानेवर हात ठिवा अन् चला. बसू नोका. नुस्तं चला. चक्कीलोक."

चक्कीलोक म्हणजे पिठाच्या चक्कीपर्यंत. मांडवापासून पन्नास-साठ पावलं असतील. मास्तर मानेवर हात ठेवून घोडीच्या बाजूने चालत गेले. मागे दीडशे माणसं, आणि आवाज नाही. चक्कीशी चाचा थांबले. "बसता?" एवढंच विचारलं. आणि मास्तर बसले हो. स्वतःच रिकिबीत पाय घालून बसले.

मी नंतर विचारलं, "अन् नाही म्हणाले असते तर?"

"मंग मारुतीलोक पायीच. बिजलीचं काय, तिची पाठ मोकळी."

पुढच्या लग्नात नवरदेव चांगला पैलवान गडी, पण तोही चक्कीपर्यंत चालला, कारण मास्तर चालले होते. त्याच्या पुढचाही चालला. असं करत पाच-सहा वर्षांत ती जुनी रीत झाली! सोनाळ्याहून पाहुणी आलेली एक म्हातारी माझ्याच दुकानात बसून मलाच सांगते, "खंडोबाचं घोडं असते बाई ते. एकदम चढू नाही. पहिल्यापासून असंच हाय."

चाचांना सांगितलं तर दाढीतल्या दाढीत किती हसले. "आता आली का जुम्मेदारी! मी आपलं त्या गुरुजीसाठी केलं, अन् खंडोबानं सांगतलं म्हन्ते."

आणखी एक सांगते, ते माझ्या घरातलं आहे. माझी नात बारावीला असताना स्कूटीवरून पडली. हाड बिड काही मोडलं नाही. पण त्यानंतर ती कशावर बसेना. स्कूटी नाही, रिक्षा नाही, एसटी नाही. मग दाराबाहेर येणंही सोडलं. परीक्षा गेली. आम्ही समजावलं, रागावलो, शेगावला नवस बोललो. पण शेगावला जायलाही ती गाडीत बसायला हवी ना!

चाचांनी एक दिवस माझ्याजवळ निरोप दिला. "पोरीले सांगा, मले जरा खोकला झाला. बिजलीले हरभरे चाराले कोनी नाही."

खोकला कसला नि काय. पण पोर रस्ता ओलांडून गेली. रोज जाऊ लागली. हात सपाट, बोटं सरळ. मग खरारा करू लागली. मग मानेवर हात ठेवून फाटकापर्यंत, मग चक्कीपर्यंत. दीड महिना चाचांनी "बस" हा शब्द काढला नाही. एका सकाळी मी हार ओवत होते, वर बघते तर माझी नात घोडीवर, आणि चाचा लगाम धरून असे चाललेत, जसं काही झालंच नाही. माझ्या हातून सुई बोटात गेली.

पुढच्या महिन्यात ती एसटीने कॉलेजात गेली. आज पुण्याला आहे.

इथपर्यंत मी हसत हसत सांगितलं. पुढचं सांगताना जीभ जड होते, कारण त्यात मी आहे.

चाचांचा एक नियम होता. बँड चालेल, डीजे असला तर घोडी नाही. त्या आवाजाने बिजलीच्या पोटातलं पाणी हलते म्हणत. मोठमोठ्या घरची लग्नं त्यांनी या एका गोष्टीवरून सोडली होती. माझ्या भाच्याच्या लग्नात मी मध्ये पडले. भाऊ म्हणाला, "ताई, फक्त बँड. तुझी शपथ." मी चाचांना शब्द दिला.

लग्नाच्या दिवशी मांडवासमोर डीजेची गाडी उभी. पोरांनी आणली म्हणे, भावाचाही इलाज चालला नाही म्हणे. चाचांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि बिजलीला माघारी वळवलं.

मी आडवी गेले. "चाचा, माह्या शब्दासाठी. मारुतीपर्यंतच तर आहे."

चाचांनी टोपी मागे सरकवली. मग म्हणाले, "बरं. पन चक्कीलोक पायी."

तेव्हा बाराला दहा कमी होते. मुहूर्त निघून चाललेला. भाऊ म्हणाला, "आज ते राहू द्या चाचा, टाइम नाही." आणि मीही म्हणाले. मीच म्हणाले, "आज राहू द्या."

भाचा मांडवातच घोडीवर चढला. चक्कीपाशी पोचतात न पोचतात तोच कोणीतरी फटाक्यांची लड पेटवली आणि ती बिजलीच्या पोटाखाली आली. ती पुढचे पाय उचलून उभी झाली. मित्रांनी नवरदेवाला वरच्यावर झेललं. बिजली घसरून गुडघ्यावर नालीत पडली. चाचांनी लगाम सोडला नाही, म्हणून तेही तिच्याबरोबर फरफटत गेले. त्यांचा उजवा खांदा निखळला.

नवरदेवाला खरचटलंसुद्धा नव्हतं. लोक म्हणाले, चला, वाचलो. उरलेला परण्या मोटारीतून गेला. भाऊ मला म्हणतो, "ताई, कसली घोडी बघून दिली तू!"

बिजलीच्या गुडघ्याला टाके पडले. दीड महिन्यात जखम भरली, चाल सुधारली. पण फाटकाबाहेर ती येईना. फाटकाशी नालीवर एक फरशी टाकलेली आहे. तिथपर्यंत यायची, फरशी हुंगायची, आणि सगळं अंग थरथरायला लागायचं.

रोज सकाळी ऊन पडलं की चाचा तिला घेऊन फरशीशी उभे. डाव्या हातावर हरभरे. मी दुकानातून बघायची.

"भेव लागते? बरं हाय," ते तिला म्हणायचे. "मलेबी लागते."

इतक्या वर्षांत स्वतःचं भय त्यांनी बोलून दाखवलेलं मी ऐकलं नव्हतं.

लोक सांगायचे, दोघं-तिघं मिळून ओढा, एकदा बाहेर आली की झालं. चाचा मान हलवायचे. "ओढून आनली तं ते आली नाही ना बाप्पा. मी आनली."

हरभरे मीच भिजवून न्यायची. रोज ठरवायची, आज सांगायचं, चाचा, चूक माझी झाली. आणि तोंडातून निघायचं, "आज ऊन फार आहे, नाही?" एकदा धीर केला. "चाचा, त्या दिवशी मी..." एवढंच म्हणाले, तर त्यांनी हातातले हरभरे दाबून बघितले.

"भाभी, आज नीट भिजले नाही वाट्टे."

त्यांना ऐकायचं नव्हतं की मला त्या ओझ्यातून सोडवायचं होतं, ते आजही मला सांगता येत नाही.

उन्हाळ्यात नात पुण्याहून आली. आल्या आल्या तिकडे गेली. बिजलीच्या मानेवर डोकं टेकवून काय काय बोलत राहिली. पाचव्या दिवशी बिजलीने एक पाय फरशीवर ठेवला. सहाव्या दिवशी पुढचे दोन्ही पाय फरशीच्या पलीकडे. मी दुकानात उभी राहिले. चाचा श्वास घेत होते की नाही कोणास ठाऊक. आणि गल्लीतून एक पोरगा फटफट वाजणारी मोटारसायकल घेऊन गेला.

बिजली इतक्या जोरात मागे गेली की बुडावर बसली. घोडी अशी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. पाहू नये.

नात रडायला लागली. चाचांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नोको बेटा. तुले चक्की दिसत होती. तिले दिसत नाही."

त्यानंतर त्यांनी बिजलीला फाटकाशी आणणं सोडलं. पालथ्या बादलीवर तिच्याजवळ बसून असायचे. खांदा कधी पूर्ववत झाला नाही. खरारा डाव्या हाताने, तोही जमेल तेवढा. लग्नसराई आली, लोक म्हणाले, चाचा, दुसरी घोडी आणा. "काऊन? हिले वाटन, मी हिच्यावर रुसलो." हळूहळू ते स्वतःही फाटकाबाहेर दिसेनासे झाले. नमाजापुरते जायचे, मग तेही घरीच. चहा मी नेऊन द्यायची. दुसऱ्यांना चक्कीपर्यंत नेणारा माणूस, आणि त्याला फाटकाबाहेर आणायला आमच्यापैकी कोणाला काही सुचलं नाही.

थंडीत गेले. दुपारी जनाजा निघाला. फाटकातून खांद्यावर चाचा बाहेर पडले आणि मागून बिजली चालत फरशीपर्यंत आली. सगळे थांबले. वाटलं, आता येईल. माझ्या पदरात हरभरे होते. का घेतले होते ते विचारू नका. तिने एक पाय फरशीवर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग उचलून मागे घेतला.

जनाजा चक्कीवरूनच गेला.

त्यांचा मुलगा जालन्याला असतो. वाईट नाही तो. दोनदा टेम्पो घेऊन आला. टेम्पो रस्त्यावर, घोडी आत. चौघांनी ओढायला घेतली तेव्हा तिने असा आवाज काढला की त्यानेच दोर सोडला. आता तो चारा पाठवतो. पाणी आणि हरभरे माझ्याकडे.

मागच्या आठवड्यात गल्लीत लग्न होतं. घोडी आता कोणी सांगत नाही. मोटार सजवतात, हारही मोटारीचा. मी करून दिला. नवरदेव दार उघडून बसणार, तेवढ्यात त्याची आत्या ओरडली, "थांब बे! एकदम नोको बसू. चक्कीपर्यंत पायी. हात ठेव तिच्यावर. जुनी रीत हाय!"

आणि पोरगं खरंच मोटारीच्या बॉनेटवर हात ठेवून चालू लागलं. बॉनेट उन्हाने तापलेलं. हात ठेवायचा, चटका बसला की उचलायचा, पुन्हा ठेवायचा. मोटार मुंगीच्या पावलाने बाजूला, चक्कीपर्यंत डीजेही बंद. सगळे हसत होते. मीही हसले.

मग ते फाटकासमोरून जाऊ लागले, आणि मला आतलं दिसलं. बिजली रस्त्याकडे पाठ करून कोपऱ्यात भिंतीला तोंड लावून उभी होती.

सवयीने मी त्या दिवशीही दोन हार केले होते. दुसरा घेऊन आत गेले. शेवंतीचा होता. हात सपाट केला, बोटं मुडपली नाहीत. म्हटलं, चूक माझी होती बाई. तिने हार हुंगला. खाल्ला नाही.

बाहेर चक्की आली असावी, कारण डीजे सुरू झाला.