प्रकाश सरांची अट

"आमच्या घरात कुणाला असलं काही नव्हतं," प्रकाश सर म्हणाले. त्यांच्या पोटातली गाठ काढून तेव्हा चार दिवस झाले होते.

२००१ साल. रत्नागिरीत माझं छोटं सर्जिकल हॉस्पिटल होतं. सर पालीच्या शाळेत गणित शिकवायचे. वय छत्तीस. दम लागतो म्हणून आले, तेव्हा हिमोग्लोबिन सहा होतं. मूळव्याध नाही, जंत नाहीत. कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून करायची तपासणी, तेव्हा माझ्याकडे नव्हती. कोल्हापूरला पाठवलं. आतड्याच्या उजव्या भागात कॅन्सरची गाठ निघाली. उजवीकडची गाठ फसवी. शौचातून रक्त जातं, पण डोळ्यांना दिसत नाही. माणूस नुसता पांढरा पडत जातो.

ऑपरेशन नीट झालं. पण छत्तिसाव्या वर्षी हा कॅन्सर का, हे मला कळेना.

दुपारी डबा घेऊन सरांची आई आली. देवरूखजवळच्या खेड्यातली बाई. घरात आधी कुणाला असं झालं होतं का, हे तिला मी सहज विचारलं.

"ह्याचा बापूस असाच गेला," ती म्हणाली. "बेचाळिसाव्या वर्षी. सुकत सुकत. माझ्या नणंदेला आधी पिशवीचा कॅन्सर झाला, मग आतड्याचा. ती पण गेली."

मी परत सरांच्या खोलीत गेलो. "सर, खोटं का बोललात?"

त्यांनी मला दार लोटून घ्यायला खुणावलं. "मेधाचं जमत आलंय. दापोलीचं स्थळ आहे."

मेधा त्यांची धाकटी बहीण, सव्वीस वर्षांची. मधला भाऊ महेश मुंबईत नोकरीला.

मी खुर्ची ओढली. "पेशी वाढतात तेव्हा जनुकांची नक्कल होते. नक्कल करताना चुका होतात. त्या दुरुस्त करणारी जनुकंही असतात. तुमच्या घराण्यात त्यातलंच एखादं बिघडलेलं असावं. मग आतड्याचा कॅन्सर लवकर होतो. बायकांना गर्भाशयाचाही."

"म्हणजे पेपर तपासणाराच चुकतोय."

"तसंच."

"मेधाला असेल?"

"असेलच असं नाही. शक्यता निम्मी. महेशचंही तेच."

"छापा-काटा," सर म्हणाले.

मी पुढचं सांगितलं. मुंबईत तुमच्या रक्ताची जनुक-चाचणी होईल. दोष सापडला, तर मग त्या दोघांची. तेही नको असेल, तर दोघांनी दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीची तपासणी करायची. पॉलिप, म्हणजे आतड्यात आतून फुटणारा कोंब, कॅन्सर होण्याआधीच काढून टाकता येतो.

"सगळं करू," सर म्हणाले. "पण मेधाचं लग्न होऊ दे. तोवर एक शब्द नाही. महेशलाही नाही, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही."

"सर, हे बरोबर नाही."

"डॉक्टर, आजार माझा आहे. तुम्हाला परस्पर सांगता येणार नाही."

नियमाने ते खरं होतं. पेशंटची माहिती त्याच्या परवानगीशिवाय द्यायची नसते. मी त्यांची अट मानली.

लग्न झालं. मी गेलो, जेवलो. मेधाने वाकून नमस्कार केला. पुढच्या तपासणीला सर आले तेव्हा मी विषय काढला. "आत्ताच तर गेली. सासरच्यांना काय वाटेल?" त्यानंतरच्या खेपेला, "तिला दिवस गेलेत, आता नको." मग बाळंतपण. मग बाळ लहान. दर वेळी कारण खरंच असायचं. दर वेळी मी मान डोलवायचो.

२००४ साली मेधा स्वतःच आली. नवरा बाहेर मुलीला घेऊन बसला होता. वर्षभर अशक्तपणा होता. बाळंतपणाचा असेल म्हणून लोहाच्या गोळ्या चालू होत्या. मी पोटावर हात ठेवला आणि उजवीकडे गाठ हाताला लागली. सोनोग्राफीत लिव्हरवर डाग दिसले. पुढच्या तपासण्यांत तोच कॅन्सर निघाला, लिव्हरपर्यंत पसरलेला.

मग मी सरांना विचारत बसलो नाही. वडिलांचं, आत्याचं, जनुकाचं, सगळं तिला सांगितलं. ती रडली नाही.

"दादाच्या वेळी तुम्हाला हे माहीत होतं?"

"हो."

"माझ्या लग्नाला आला होतात तुम्ही."

मी तिचे रिपोर्ट पाकिटात भरायला लागलो.

"दादाला वाटलं असेल, माझं लग्न मोडेल. मोडलंही असतं. दुसरं जमलं असतं, नाहीतर नसतं जमलं." तिने टेबलावरचं पेन माझ्यापुढे सरकवलं. "माझ्या मुलीसाठी हे सगळं लिहून द्या. तिच्या बाबांना कळेल असं. मराठीत."

मी दोन पानं लिहून दिली. केमोथेरपी झाली, उपयोग झाला नाही. आठ महिन्यांत ती गेली.

त्यानंतर सरांनी मुंबईत जनुक-चाचणीसाठी रक्त दिलं. दोष सापडला. महेशमध्येही तोच निघाला. पहिल्याच दुर्बिणीत त्याचे दोन पॉलिप काढले. तो ठणठणीत आहे. भावाशी बोलत नाही. सर दर वर्षी तपासणीला येतात, रिपोर्ट चांगला येतो. तो वाचून दाखवताना त्यांच्याकडे बघायला मला जमत नाही, आणि त्यांना माझ्याकडे.

आता पन्नाशीच्या आतला आतड्याचा कॅन्सर आला, की मी आधी भावंडांची नावं विचारतो. ऑपरेशन ठरवायच्या बैठकीलाच पेशंटच्या संमतीने त्यांना बोलावून घेतो आणि सगळ्यांना एकदमच सांगतो. तेव्हा पेशंट घाबरलेला असतो, हो म्हणतो. बरा व्हायला लागला की घराण्याची अब्रू आठवते.