कारभारी आप्पांनी मोडलेली पहिली सोयरीक

१९ जून २०२५ रोजी, गुरुवारी सकाळी, एक लाख अठ्ठेचाळीस हजार पाचशे रुपये हा आकडा ऐकून कारभारी ढोमसे यांनी चहाचा कप बशीत ठेवला आणि समोरच्या टाय लावलेल्या तरुणाला विचारलं, "यात मानपान धरलाय का वेगळा?"

तरुणाचं नाव राज. नाशिकच्या वेशीवरच्या एका खासगी कॉलेजात तो प्रवेशाचं काम बघत होता. तीन वर्षांत त्याने हजारभर पालक पचवले होते, पण मानपानाचा प्रश्न त्याला नवीन होता. त्याने संगणकात बघितलं आणि म्हणाला, "काका, युनिफॉर्म आणि बस वेगळी आहे."

"म्हणजे धरलेला नाही," असं म्हणून आप्पांनी शेजारी बसलेल्या वहिनींकडे अर्थपूर्ण पाहिलं.

कारभारी आप्पांचं वय सदुसष्ट. पंचवटीत त्यांचं शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ते आता मुलगा बघतो आणि आप्पा सोयरिकी बघतात. निफाड, येवला, दिंडोरी या पट्ट्यात त्यांनी शंभरावर लग्नं जुळवली. त्यातली सुखाची किती, हे ते सांगत नाहीत. जुळवणं हे आपलं काम आणि टिकवणं ज्याचं त्याचं, असा त्यांचा हिशेब. एक गोष्ट मात्र ते कोणी न विचारता सांगतात. त्यांनी ठरवलेली सोयरीक आजवर मोडलेली नाही. बोलणी पटेपर्यंत ते फक्त चहा घेतात. पटली की पेढा खातात. पेढा घशाखाली उतरला की विषय संपला. मग नवरदेवाचे केस विकतचे निघोत, नाहीतर सासऱ्याची द्राक्षबाग भाड्याची निघो.

त्यामुळे विंचूरच्या सोमनाथची निकिता बारावी झाली, तेव्हा पहिला फोन आप्पांना गेला. सोमनाथ हा त्यांचा पुतण्या, वाइन पार्कातल्या एका कारखान्यात बाटल्या भरायच्या विभागात सुपरवायझर. मुलगी घराबाहेर जाणार, सोबत मोठी रक्कम जाणार आणि समोरच्या पार्टीची काहीच माहिती नाही, अशी वेळ आली की ढोमशांच्या घरात दुसऱ्या कोणाला विचारत नाहीत. आप्पांनी पांढरी टोपी घातली, सोमनाथची गाडी काढायला लावली, सोमनाथच्या आईला म्हणजे नवसाबाई वहिनींना पुढे बसवलं आणि कॉलेज बघायला नेलं. निकिताला मागे बसवलं. मुलीने मागेच बसायचं असतं.

कॉलेजने पाहुणचारात कसर ठेवली नाही. कांदेपोहे आले. वर खोबरं होतं. राजने त्यांना गार हवेच्या वर्गात बसवलं, नोकऱ्या लागलेल्या पोरांचे हसरे फोटो दाखवले, पोहण्याचा तलाव दाखवला. तलावात उडी मारायची फळी होती. पाणी जुलैत येणार होतं.

"हुंडाबंदीचा कायदा तुमच्यापर्यंत आलाय ना?" आप्पांनी पुन्हा आकड्याला हात घातला.

"काका, ही फी आहे."

"नाव काहीही ठेवा. आमची मुलगी, वर आम्हीच पैसे द्यायचे. काहीतरी उतरा."

राज आत जाऊन 'मॅनेजमेंटशी बोलून' आला. दहा हजार उतरले. आप्पा उठून उभे राहिले आणि टोपी नीट केली. बैठकीतून उठायची ही त्यांची जुनी लकब होती. राज धावत पुन्हा आत गेला. शेवटी सगळे मिळून साडेअठ्ठावीस हजार उतरले. आप्पांच्या चेहऱ्यावर अशी कळा आली की जणू कॉलेज त्यांनी विकतच घेतलं. त्याच भरात राजने पुढे केलेल्या डब्यातला पेढा त्यांनी उचलला आणि तोंडात टाकला.

मागच्या खुर्चीवरून निकिताने ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

परतीच्या रस्त्यावर गाडी द्वारका चौकात अडकली, तेव्हा ती बोलली. "आप्पा, सरकारी विद्यापीठाच्या यादीत माझं नाव लागलंय. सांख्यिकीला. सोमवारी पाचपर्यंत तिथं जाऊन प्रवेश घ्यायचा, नाहीतर जागा पुढच्याला जाते."

आप्पांनी मान वळवली. "मग मघाशी का नाही बोललीस?"

"मला कोणी विचारलं?"

"लय झ्याक बोलली," नवसाबाई पुढून म्हणाल्या. "भाऊजी, तुमच्या बैठकीत नवरी कधी बोललीय का?"

सोमनाथला यादीची गोष्ट माहीत होती. पण विद्यापीठ घरापासून पाच तासांवर, हॉस्टेलात राहायचं, आणि कॉलेजची बस थेट विंचूरच्या फाट्यावर येणार. म्हणून त्याने ते आप्पांच्या कानावर घातलं नव्हतं. आता तर त्याला आयताच आधार मिळाला. "आप्पांनी शब्द दिलाय," तो आरशात बघत म्हणाला. "आप्पा कॉलेजला नाही म्हणत असतील तर मी लगेच विद्यापीठात नेतो. पण आप्पांचा शब्द मी मोडणार नाही."

म्हणजे सगळं आप्पांच्या गळ्यात आलं. गळ्याखाली पेढा होताच.

"सांख्यिकी म्हणजे काय असतं गं?" त्यांनी विषय बदलायचा प्रयत्न केला.

"थोडं बघून सगळ्याचा अंदाज बांधायचा. पुढं काय होईल, किती शक्यता आहे."

"ते तर मी पत्रिकेवरून करतो."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर ग्रहांचं चुकतं."

"आमच्यात किती चुकेल ते आधीच सांगावं लागतं," निकिता म्हणाली.

पंचवटीत उतरताना आप्पा म्हणाले, "पेढा खाल्लाय मी. आता नाही होत."

"पेढा तुम्ही खाल्ला ना? मग कॉलेजात तुम्हीच जा," नवसाबाई म्हणाल्या. "नायतर ते दुसरं स्थळ तरी बघून या. न बघता नाय म्हणायला तुम्ही काय पोराची आई हाय का?"

हे मात्र लागलं. स्थळ न बघता नाकारलं, असा बोल आप्पांवर कधी आला नव्हता. शुक्रवारी पहाटेच्या एसटीने ते निकिताला घेऊन निघाले. ते ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्ध्या तिकिटात, ती महिला म्हणून अर्ध्या तिकिटात. दोघं मिळून महामंडळाच्या लेखी एकच माणूस प्रवास करत होता.

आप्पांचा मनातला बेत साधा होता. विद्यापीठात खोट काढायची, म्हणजे शब्दही राहील आणि दोषही येणार नाही. खोट शोधावी लागलीच नाही. फाटकावर कोणी 'या' म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही. इमारतीच्या भिंतीचा गिलावा निघालेला, पंखा फिरण्यापेक्षा ओरडत जास्त होता, आणि प्रवेशाच्या खिडकीखाली एक कुत्रं इतकं निवांत झोपलं होतं की त्याला कायम नोकरी असावी. खिडकीमागच्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "दोन वाजता."

"आम्ही मुलीकडची माणसं आहोत," आप्पा म्हणाले.

"इथं येणारे मुलीकडचे नाहीतर मुलाकडचेच असतात. दोन वाजता."

आप्पांना मनातून फार बरं वाटलं. ते निकिताला म्हणाले, "बघितलंस? पोहे राहू दे, पाणी नाही विचारलं."

पण निकिता तिथे नव्हती. तिला शोधत ते वरच्या मजल्यावर गेले. सांख्यिकी विभागाच्या व्हरांड्यात एका बाकावर एक बाई डबा खात बसल्या होत्या. निकिता त्यांच्यासमोर उभी होती. आप्पा खांबाच्या अलीकडे थांबले. मुलगी एकटी कशी वागते हे बघायचा असा मोका ते कधी सोडत नाहीत.

"आमच्या विंचूरच्या मार्केटला मॅडम, व्यापारी ट्रॉलीतले वरचे चार कांदे बघतो आणि सगळ्या मालाचा भाव करतो," निकिता सांगत होती. "चारावरून सगळ्याचं खरं कळतं का?"

"ते चार वर कोण ठेवतं?" बाईंनी घास हातात धरून विचारलं.

"शेतकरीच. निवडून."

"मग चार काय, चाळीस बघितले तरी…"

"नाही पण मॅडम, खाली हात घालून मधलेच काढले तर?"

बाईंचं वाक्य तिने सरळ तोडलं. आप्पांना धस्स झालं. एवढ्या वर्षांत कोणत्याही बैठकीत मुलीने मोठ्या माणसाचं बोलणं तोडलं असतं, तर पोहे तिथेच थांबले असते. बाईंनी मात्र डबा बाजूला सरकवला, बाकावर जागा केली आणि म्हणाल्या, "बस. मध्ये म्हणजे नेमकं कुठे? तेही तूच ठरवणार का?"

पुढचं बोलणं आप्पांना कळलं नाही. कागद निघाला, पेन निघालं, डब्यातली भेंडी गार झाली. आप्पा खांबाला टेकून उभे राहिले. वर ठेवलेल्या चार कांद्यांनी त्यांना आधी पोह्यांवरचं खोबरं आठवलं, मग टाय, मग ती उडी मारायची फळी. इथे तर वर काही निवडून ठेवायची तसदीच कोणी घेतली नव्हती. त्यांनी शंभर घरं वरूनच बघितली होती आणि खाली हात घालायचं त्यांना सुचलं नव्हतं, हा विचार मनात आला तसा त्यांनी तो झटकला. शंभर संसारांचा प्रश्न होता.

परतीच्या एसटीत ते इगतपुरीच्या नातलगांच्या तक्रारी सांगत राहिले.  

शनिवारी सकाळी ते टोपी घालून एकटेच कॉलेजात गेले. रात्रभर त्यांनी वाक्य जुळवलं होतं. समोरच्या पार्टीचा अपमान होऊ नये, आपलाही मान राहावा.

"राजभाऊ, मोठ्या मनाने ऐका," ते म्हणाले. "सोयरीक मोडायला आलोय. आयुष्यात पहिल्यांदा. काय दूषण द्यायचं ते मला द्या, मुलीला देऊ नका."

राज गोंधळला. "कोणती मुलगी, काका?"

"निकिता ढोमसे. गुरुवारी. साडेअठ्ठावीस हजार उतरलात तुम्ही."

राजने संगणकात शोधलं. "काका, तुम्ही काही भरलंच नाही. नो प्रॉब्लेम. जागा खूप आहेत."

"पण मी पेढा खाल्ला होता."

"तो सगळ्यांनाच देतो काका. रोज पाच किलो येतात."

 ज्या शब्दासाठी एका पोरीचं भविष्य त्यांनी दोन दिवस टांगणीला लावलं होतं, तो शब्द घेणाऱ्याला आठवतही नव्हता. त्यांना दूषण हवं होतं, तेही मिळालं नाही. "आणि ते उतरलेले पैसे?" त्यांनी जाता जाता विचारलं.

"ते पण सगळ्यांनाच, काका," राज प्रेमाने म्हणाला. "कोणाचे आधी उतरतात, कोणाचे उठून उभं राहिल्यावर."

बाहेर येऊन त्यांनी सोमनाथला फोन केला. "मोडली. सोमवारची सुट्टी टाक."

"आप्पा, पण समोरची माणसं काय म्हणाली?"

"फार वाईट वाटलं त्यांना," आप्पा म्हणाले आणि फोन ठेवला.

सोमवारी तिघं विद्यापीठात गेले. घाटात ट्रक उलटल्यामुळे पोचायलाच चार वाजले. रांग सरकून निकिताचा नंबर आला, तेव्हा पाचला थोडा वेळ होता. सोमनाथ हॉस्टेलच्या खिडकीवर दुसऱ्या रांगेत अडकला होता. कारकुनाने कागद चाळले. गुणपत्रिकेच्या दोन प्रती आणि जातीच्या दाखल्याचा अख्खा संच कमी होता. झेरॉक्सवाला बाहेर, रोखच घेणारा, आणि आप्पांकडे फक्त पाचशेची नोट.

"तो पाचशे मोडत नाही," कारकून म्हणाला. त्याने खिशातून दहाच्या तीन नोटा काढून खिडकीतून सरकवल्या. "हे घ्या. पोरीला पळवा. मी पाचला बंद करतो."

निकिता पळाली आणि आली. प्रवेश झाला. पावतीवर शिक्का बसला आणि खिडकी बंद झाली. आप्पा नोट मोडून परत आले तेव्हा कारकून निघून गेला होता.

कारकुनाचे तीस रुपये अजून द्यायचे आहेत.