रिसेंगामामाचा डावा हात

रिसेंगा माबुंडाबद्दल लिहायला बसलो खरा, पण मला नीट ठाऊक आहे ती त्याची पाठ. मी सफारीची उघडी गाडी चालवायचो आणि तो माझ्यापुढे, बॉनेटच्या डाव्या कोपऱ्यावर बसवलेल्या लोखंडी खुर्चीवर, पाय खाली सोडून बसायचा. माग काढणाऱ्याची जागा तीच. पहाटे एक फेरी, उन्हं कलली की दुसरी. वर्षानुवर्षं मी त्याची मान पाहिली. हिवाळ्यात तिच्याभोवती राखी मफलर असे. डाव्या कानाखाली एक जुना व्रण होता. तो कशाचा, हे मी कधी विचारलं नाही. तो चर्चमध्ये खर्जात गायचा आणि त्याला जोहान्सबर्गला एक मुलगी होती, हे मला त्याला पुरताना कळलं.

माझी आई माबुंडा कुळातली, म्हणून तो माझा मामा. वयानं थोडाच मोठा. आमच्या त्सोंगा लोकांत भाच्याला मामाची खोडी काढायचा हक्क असतो. मामाच्या ताटातलं न विचारता उचलावं, त्यानं चोर चोर म्हणून ओरडावं, पण रागवू नये. मी एरवी कुणाशी फार बोलत नाही. त्याच्याशी मात्र बोलायचो.

"मामा, आज हत्ती दाखवणार का, की नुसतं शेणच?"

"शेण ताजं आहे, भाच्या. भूक लागली असेल तर थांबवतो गाडी."

मागं बसलेल्या पाहुण्यांना वाटायचं, आम्ही कामाचंच बोलतोय.

जनावर दिसलं की मात्र तो बोलत नसे. डावा हात वर करी. दोन बोटं म्हणजे सिंह. पंजा सपाट धरून हळूच खाली दाबला, म्हणजे बिबट्या. मग मी वायरलेसवर कळवायचं, की आजूबाजूच्या कॅम्पांच्या गाड्या येऊन उभ्या राहायच्या. तसा नियमच होता. आज आपण सांगायचं, उद्या ते आपल्याला सांगतील. पाहुणे एवढे पैसे मोजून येतात ते बिबट्यासाठीच.

कोरड्या नदीपलीकडे एक कातळ आहे. तिथं कानाची कड दुमडलेली एक बिबट्याची मादी व्यायची. दोनदा मामानंच तिची पिल्लं शोधली, दोनदा मी कळवलं. दोन्ही वेळा गाड्यांची इतकी रीघ लागली की ती पिल्लं तोंडात धरून जागा बदलू लागली, आणि वाटेत तरसांनी गाठलं. दुसऱ्या वेळी सकाळी आम्हीच तिथं पोचलो. ती कातळावर बसून हाका मारत होती. पाहुणे फोटो काढत होते. मामा खुर्चीवरून उतरला आणि गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला. किती वेळ झाला तरी येईना. मी आरशात पाहिलं तर तो मफलरनं तोंड पुसत होता.

पुढच्या वर्षी, एका संध्याकाळी, कातळाजवळून जाताना मला फांदीखाली लोंबणारी शेपटी दिसली. मला दिसली, म्हणजे त्याला केव्हाच दिसली असणार. त्याचा डावा हात मांडीवर होता. तिथून हलला नाही. मी गाडी थांबवली नाही.

कॅम्पवर आल्यावर मी त्याच्या ताटातला व्हुसव्याचा, मक्याच्या घट्ट उकडीचा, गोळा उचलला आणि विचारलं, "मामा, हात दुखतो का?"

"चोरा! ठेव तो खाली." मग ताटात बघत तो म्हणाला, "दोन्ही वेळा हाच हात वर गेला होता. आता एकच पिल्लू आहे रे तिला."

त्यानंतर आम्ही कातळाकडे जाणं टाळायचो. पण कोरड्या नदीची वाट सगळ्यांचीच होती. एका सकाळी ती मादी भर रस्त्यात, गाडीपुढं आली. मामा समोर बघत बसून राहिला. मागच्या बाकावरच्या एक जर्मन बाई उभ्या राहून ओरडल्या, "बिबट्या! अहो, बिबट्या!" तोवर मादी गवतात शिरली होती.

दुपारी मॅनेजर डर्कनं आम्हा दोघांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता. तो म्हणाला, "रिसेंगा, मागच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईला दिसतो आणि तुला दिसत नाही? झालंय काय?"

खरं सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी गाड्या कातळाशी लागल्या असत्या. मामानं टोपी काढून हातात धरली.

"साहेब, डोळे अधू झाले आता."

मी तोंड उघडलं होतं. त्यानं माझ्याकडे न बघता डावा हात जरासा वर केला. थांब. त्या हाताची मला इतकी सवय होती, की मी थांबलो.

लोखंडी खुर्चीवर दुसरा माणूस आला. मामाला पाहुण्यांच्या आंघोळीचे बंब पेटवायचं काम मिळालं. स्वयंपाकघरामागं धुरात बसून तो लाकडं सारायचा. पोरं त्याला आंधळा म्हणायची. पाणी आणताना कुणी मुद्दाम त्याच्या वाटेत बादली ठेवी, आणि तो मुद्दाम तिला अडखळे. रविवारी गावी जायला निघाला की कुंपणापाशी थांबून जमिनीकडे बघत राहायचा. रात्री कोण कोण येऊन गेलं, ते वाचत असणार. मग बाजूला कुणी दिसलं की टोपी सारखी करून चालू लागायचा. त्या खुर्चीवर तो पुन्हा कधी बसला नाही. बंबाच्या धुरानं छाती भरली. पुढच्या हिवाळ्यात एका दुपारी, लाकडांच्या ढिगाला टेकून बसल्या जागीच तो गेला.

त्याच दिवशी सकाळी मी फेरीवरून परतत होतो. पलीकडच्या पाणवठ्याशी, कातळापासून दूर, एक तरणी मादी झाडावर आपली शिकार घेऊन बसलेली आम्ही पाहिली होती. एकटी, भरलेली, कुणालाही न भिणारी. कानाची कड आईसारखीच दुमडलेली. मला केव्हा एकदा त्याला सांगतो असं झालं होतं. पण शेजारी डर्क बसला होता, त्यालाही आमची भाषा कळे. बंबापाशी धुरात मामा उभा दिसला. मी गाडी हळू केली आणि स्टिअरिंगवरचा डावा पंजा सपाट धरून थोडासा खाली दाबला.

त्याला तो इशारा दिसला की नाही, मला माहीत नाही. त्यानं एक लाकूड बंबाखाली सारलं. मग म्हणाला,

"भाच्या, मागचं चाक बसलंय तुझं."

"आंधळ्या, तुला चाक दिसतं होय?"

"पंक्चर काढून घे आधी."

"काढतो. संध्याकाळी येतो, बोलायचंय. व्हुसवा ठेव माझ्यासाठी."

"ठेवू कशाला?" तो म्हणाला. "तू चोरणारच आहेस."