लुमिनीत्साचं नाव कुणी बदललं नाही

इथे बहरीनमध्ये सित्र्याला कंपनीच्या बसमधून उतरत होते, तेवढ्यात दिराचा फोन आला. "वहिनी, लुमी गेली." दोन महिन्यांचं आजारपण होतं, तरी तिथेच रडू फुटलं. आणि खरं सांगते, धाकट्या जावेसाठी रडतानाही मनात जुना सल होताच... तिला मी फार वर्षं पाण्यात पाहिलं.

सल नावाचा होता. माझ्या लग्नात ताटभर तांदूळ आले आणि नवऱ्याने अंगठीने 'मीनल' लिहिलं. सासरी नणंद वासंती. एका घरात दोन वासंती कशा चालतील? चोवीस वर्षांची वासंती पाच मिनिटांत संपली. पुढे दिराने बहरीनमध्येच रोमानियाची मुलगी पसंत केली. अमवाजच्या फ्लॅटमध्ये तेच ताट मांडलं, तेव्हा सासूबाईंनी सहज नावाचा अर्थ विचारला. दीर म्हणाला, त्यांच्या भाषेत लुमिना म्हणजे प्रकाश, शब्द मूळचा लॅटिनमधला. शेवटचं 'ईत्सा' लाडाचं. म्हणजे इवलासा उजेड. सासूबाई खुलल्या. "मग बदलायचं कशाला? पेटता दिवा कुणी मालवतं का?" दिराने तांदळात तिचंच नाव लिहिलं. मी हसून टाळ्या वाजवल्या आणि आत पोळ्या लाटताना नुसती जळत होते. माझ्या नावाचा अर्थ कुणी विचारलाच नव्हता.

तिला यातलं काही ठाऊक नसावं. एकदा अदलियाच्या कॅफेत कॉफी पिताना तिने विचारलं, लग्नाआधी तुझं नाव काय होतं? मी फटकन सांगून टाकलं. अर्थही विचारला, तेव्हा म्हटलं, "वसंत ऋतूतली. पण ते आता खलास." तिने कॉफी संपवली. नंतरही सगळ्यांसारखी मीनलच म्हणायची. विसरली असेल, मी मनात म्हटलं. तिला काय, तिचं तर शाबूत होतं...

परवा, तीन आठवड्यांनी, तिच्या आईचा व्हिडिओ कॉल आला. त्यांचं बोलणं दीर आम्हाला मराठीत सांगत होता. त्या म्हणाल्या, मला वासंतीशी बोलायचंय. लेक दर फोनमध्ये तिच्याबद्दल सांगायची. दीर गोंधळला. वासंतीताई पुण्यात असते, लुमी तिला जेमतेम दोनदा भेटलेली. माझ्या नवऱ्यानेही तेच सांगितलं. दोघांपैकी कुणालाच दुसरी वासंती आठवेना. त्या बाईच्या तोंडी मात्र लेकीचं नाव जन्मापासून तेच होतं, आणि मला त्याही क्षणी लुमीचा हेवा वाटला.

त्यांची भाषा मला येत नाही. दिराच्या हातातून फोन घेतला आणि मराठीतच म्हटलं, "आई, मी वासंती."