वसंताचा चपराशी

कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात सरकी आणि किस्से आपोआप साचतात, कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ऐंशीच्या दशकात मी सौंसरच्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. तिथले निम्मे किस्से माझ्या शेजारच्या टेबलावरचे, म्हणजे वसंता कळंब्याचे. माणूस भला, हुशार. पण कुठेही जरासा आवाज झाला की हातातलं काम सुटलंच! त्यापायी त्याचं लग्नही जमत नव्हतं. वय तिशीला टेकलेलं, घरी एकटी आई. ते मात्र हसण्यासारखं नव्हतं.

*

ऑफिसात भिंतीवर एक घड्याळ होतं. एका दुपारी आमचे बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, जांभई देत वर बघतात, तर चार वाजलेले. बऱ्याच वेळानं बघतात, तरी चारच! रस्त्यावर दिवे लागले तेव्हा कुठे उलगडा झाला.

"घड्याळ कोनं बंद केलं?"

"मी," वसंता म्हणाला.

"काउन बे?"

"ते चालू असलं का मी बंद पडतो, बडेबाबू!"

*

बडेबाबू नागपूरच्या व्यापाऱ्याला पत्र सांगत होते, वसंता लिहून घेत होता. खिडकीबाहेर बसस्टँड, आणि तिथं आलूबोंडेवाला जोरात ओरडत होता. बडेबाबूंनी न वाचताच सही ठोकली. आठवड्यानं उत्तर आलं, "रुईच्या गाठी मिळाल्या. पत्रात लिहिलेले गरमागरम आलूबोंडे मात्र पोचले नाहीत. चौकशी व्हावी."

*

शिक्षा म्हणून बडेबाबूंनी त्याचं टेबल थेट मशीनच्या शेडमध्ये टाकलं. तिथं एवढा खडखडाट की शेजारच्याला हाक मारायची तर खांदा हलवावा लागे. पण वसंता तिथं खुलला! कामात एक चूक नाही. म्हणायचा, "इथं सारे आवाज एकाच आवाजात बुडून जातात."

एक दिवस लाइट गेली. मशीनं थांबली, सगळ्यांनी हुश्श केलं. वसंता मात्र तणतणत बाहेर आला, "कोन एवढा आवाज करून राहिलं बे?"

पार दुसऱ्या टोकाला बडेबाबू बशीतून चहा फुरकत होते.

*

पांढुर्ण्याला मुलगी बघायला गेलो, तेव्हा मी सोबत होतो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "शेती किती आहे?"

वसंता म्हणाला, "शेजारी शिलाई मशीन कोन चालवून राहिलं?"

त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा शिलाई मशीनच! निरोप आला, "मुलाचं चित्त ठिकाणावर नाही." आधीची दोन स्थळंही अशीच गेली होती. त्याच्या आईनं डोळ्याला पदर लावला. मला फार वाईट वाटलं, आणि मी त्याला डॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरांनी तपासलं. "कान एकदम फर्स्टक्लास!"

"डॉक्टरसाहेब, तेच तं दुखणं आहे," वसंता म्हणाला.

डॉक्टर हसले. "प्रत्येकाच्या डोक्यात एक चपराशी असतो. कोणता आवाज आत सोडायचा, कोणता दारातच थांबवायचा, हे तो ठरवतो. तुमचा चपराशी दार सताड उघडं टाकून बसला आहे. याचं औषध माझ्याजवळ नाही."

वसंतानं थोडा विचार केला. "मंग त्याची बदली तरी होते काय?"

*

चौथं स्थळ मोहगावचं. आईनं बसमध्ये पुन्हा पुन्हा बजावलं, "वसंता, या खेपेला फक्त मुलीकडं ध्यान दे रे बाबा."

मुलगी, सुमन, शाळेत शिकवायची. पोहे आले. काळजीनं आईनं बशीला हातही लावला नाही. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "जिनमधी काम काय असते तुमच्याकडं?"

वसंता छान बोलायला लागला आणि अर्ध्यातच थांबला. मान मागच्या दाराकडे वळली. मी कोपरानं ढोसलं. मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. आईनं मान खाली घातली.

वडिलांनी वेळ सावरली. "बरं सुमन, तुले काही विचारायचं आहे काय?"

"हो बाबा. मले एवढंच विचारायचं होतं का..." आणि तीही अर्ध्यातच थांबली.

दोघंही एकदम उठले.

"मोरीतला नळ टपकून राहिला!" दोघंही एकदमच म्हणाले, आणि मागच्या दारानं गेले.

मग वसंताच्या आईनं पोह्याची बशी जवळ ओढली, एक घास घेतला आणि मुलीच्या आईला म्हणाली, "पोहे चांगले झाले हो ताई. अजून आहेत काय?"